मस्कतच्या तांडेलाचे सहा रिटर्न

हिराबाई पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आल्या त्या चपला हातात घेऊन. बाहेरच्या पायरीवरून चपला चोरीला जातात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चपला खुर्चीखाली नीट जोडीने ठेवून, पदराने घाम पुसून त्यांनी मला सरळ विचारलं, “बाई, माज्या नवऱ्याला सोडवून आनता का तुमी?”

“कुठून?”

“मस्कतवरना.”

आमच्या वरच्या मजल्यावर एक फौजदारी वकील बसत. त्यांचे अशील बऱ्याचदा चुकून माझ्याकडे येत. मी म्हटलं, “वकील वर बसतात. मी आयकराचं काम करते.”

“तेच म्हन्ते मी. आयकरानंच आडकवून ठेवलाय त्याला.”

नेरुळला आमच्या तळमजल्याच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं ऑफिस. एक टेबल, चार खुर्च्या, एक कपाट आणि भिंतीवर कॅलेंडर. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. यजमान वाशीच्या मार्केटमध्ये नोकरीला होते. मी आधी मुंबईत एका सीएंकडे अकरा वर्षं कारकुनी केली आणि मग घरच्या घरी लोकांचे आयकराचे रिटर्न भरून द्यायला लागले. कुणी डॉक्टरकडे निघालं तर शेजाऱ्यांना सांगून निघतं. माझ्याकडे येणारा माणूस मात्र इकडेतिकडे बघून आत शिरायचा. तीस वर्षं मी त्या शिरणाऱ्या माणसांची तोंडं बघितली. त्यांतलं सगळ्यात न घाबरलेलं तोंड हिराबाईंचं होतं, आणि सगळ्यात घाबरलेलं तोंड मी कितीतरी महिने पाहिलंच नाही, कारण ते समुद्रापलीकडे होतं.

हिराबाई सारसोळे गावातल्या. नवरा दामोदर हा तिथला नावाजलेला तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. खाडीतली मासळी कमी झाली तसा तो मस्कतच्या बंदरात टगबोटीवर लागला. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावायचं काम. त्याला सात वर्षं होत आली होती. पहिली चार वर्षं तो दर वर्षी सुट्टीवर आला. मग तीन वर्षं आलाच नाही.

“का?”

हिराबाईंनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. आयकर खात्याची बंद पाकिटं होती. एकही फोडलेलं नव्हतं, पण प्रत्येकावर हळदकुंकू वाहिलेलं होतं.

“हे काय?”

“वर सिंव्हाचा छाप हाय ना. मी म्हटला, सरकारी हाय, कायतरी चांगलाच असंल. देव्हाऱ्यात ठेवला.”

मी एकेक पाकीट फोडलं. कुंकू झटकून वाचायचं, ही नोटीस वाचण्याची पद्धत मला नवीन होती. मामला असा होता. दामोदरने गावठाणात घर बांधून खालचा गाळा एका मालवाहतुकीच्या कंपनीला गोदाम म्हणून भाड्याने दिला होता, वर तीन खोल्या भाड्याच्या. तीनेक वर्षांपूर्वी कंपनी भाड्यातून कर कापून खात्याकडे भरू लागली होती. खात्याच्या लक्षात आलं की या नावावर भाडं जमा होतंय आणि या माणसाचा रिटर्न कधी आलेलाच नाही. म्हणून ते तेव्हापासून पाकिटं पाठवत होते आणि आता सहा वर्षांचे रिटर्न मागत होते. बस, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी पहिलं पाकीट आलं तेव्हा हिराबाईंनी फोनवर नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, “तुज्या नावानं आयकराचा कागद आलाय.” दामोदरच्या खोलीत कणकवलीकडचा एक सावंत राहायचा. त्याला सगळ्यातलं सगळं कळायचं. त्याने सांगितलं, विमानतळावर कॉम्प्युटर असतो, आयकर थकवलेल्याचा पासपोर्ट त्यात घातला की घंटा वाजते. तिथूनच सरळ आत. आणि पकडलं नाही तरी परत जाऊ देत नाहीत, म्हणजे नोकरी गेलीच. यातलं शेवटचं अगदीच हवेतलं नव्हतं. त्या काळात देशाबाहेर जाताना काही लोकांना आयकराचा दाखला दाखवावा लागे. सावंताने त्या चिमूटभर खऱ्यात पोतंभर घंटा मिसळली होती.

“वैशाखात रंजनाचा लगीन हाय,” हिराबाई म्हणाल्या. “पोरगी म्हन्ते, बाबा नाय तर लगीन नाय. तो म्हन्तो, मी आलो तर माज्या हातात बेडी आनी पोरीच्या हातात चुडा, एकाच मांडवात. आता तुमीच सांगा.”

बाहेरदेशी राहणाऱ्यांच्या कराचं एक साधं सूत्र आहे. जो वर्षातला बराचसा काळ परदेशात असतो, त्याला तिथे मिळालेल्या पगाराशी आपल्या सरकारला देणंघेणं नसतं. इथे जे मिळतं, भाडं, व्याज, त्याच्यावरच कर. दामोदरला वाटायचं, परदेशात असल्यावर इथलंही काही भरायचं नसतं. सावंताला वाटायचं, तिथलंही सगळं भरायचं असतं. दोघं एकाच खोलीत राहून एकमेकांना घाबरवत होते.

फोनसाठी आम्ही कोपऱ्यावरच्या शिंदेकाकांच्या बूथमध्ये गेलो. परदेशी फोनला मिनिटाचा दर असा की बोलणारा मीटरकडेच बघत राहायचा. शिंदेकाका काचेबाहेर बसून सगळं ऐकायचे.

“दामोदरभाऊ, मी जाधवबाई बोलते. तुम्हाला कोणी पकडणार नाही. थोडा कर आणि व्याज भरायचं आहे, एवढंच.”

“बाई, तसा लेखी द्या.”

“काय लेखी?”

“पकडनार नाय असा. शिक्क्याचा.”

“असा दाखला कुठलंही ऑफिस देत नाही हो.”

“बघा! देत नाय म्हन्जे पकडनार.”

मी रिसीव्हर ठेवला तेव्हा शिंदेकाका गंभीरपणे म्हणाले, “मॅडम, त्यांचा पण पॉइंट आहे.”

मी ठरवलं, आधी काम सुरू करू. तो तिथे असल्यामुळे हिराबाईंच्या नावाने मुखत्यारपत्र हवं होतं, म्हणजे त्याच्या वतीने त्या सह्या करतील. ते मस्कतच्या आपल्या वकिलातीत जाऊन करायचं. मी मसुदा फॅक्सने पाठवला. आठवड्याने फोन, वकिलात बंद होती. पुढच्या आठवड्याला, बंद होती. तिसऱ्या आठवड्यालाही बंद. मी चक्रावले. मग विचारलं, “भाऊ, तुम्ही जाता कोणत्या वारी?”

“सुक्रवारी. माजी सुट्टी सुक्रवारची.”

“अहो, तिथे सगळ्यांचीच सुट्टी शुक्रवारी! वकिलातीचीसुद्धा!”

मीटर पळत होता. मग तो हळूच म्हणाला, “ते म्हाईत हाय बाई. पन सावंत म्हन्तो, वकिलातीत पाय टाकला की तो आपला देशच. तिथंच पकडतील.”

हिराबाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढला. “ए,” त्या म्हणाल्या, “वादळात होडी घालतोस, आनी कारकुनाला भितोस? बुधवारी जा! नाय गेलास तर मीच येते तिकडं, आनी मंग तुला कोन सोडवतो ते बघू!”

तो बुधवारी गेला. वकिलातीतल्या कारकुनाने शिक्का मारून चहा विचारला म्हणे. चहा न पिताच तो पळाला.

आता दिवस मोजायचे होते. माणूस आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिल ते मार्च, एकशे ब्याऐंशी दिवस किंवा जास्त इथे राहिला तर तो इथला रहिवासी. त्याहून कमी तर परदेशवासी. पासपोर्टवरचे शिक्के बघितले की झालं. पण दामोदरचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असायचा, आणि तो मागायला हा धजेना. मी म्हटलं, निदान आठवून सांगा, कधी गेलात, कधी आलात. लिहायचा त्याला कंटाळा. तेव्हा आखातातली माणसं घरी पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. सुट्टीवर येणाऱ्या उरणच्या एका माणसाबरोबर माझ्या नावाने कॅसेट आली. माझ्या धंद्यात मला कागदाच्या चिटोऱ्यांवर, सिगारेटच्या पाकिटांवर, एकदा तर ब्लाउजपीसच्या खोक्यावर लिहिलेले हिशेब मिळालेत. गाता गळा पहिल्यांदाच मिळाला. कारण कॅसेटच्या सुरुवातीला त्याने एक आरती म्हटली होती.

मग तारखा. तारखा म्हणजे, “नारली पुनवेच्या आदी चार रोज आलो, गवरी इसर्जन करून गेलो. पुढल्या साली शिमग्याला आलो, हनुमान जयंती केली, गेलो.” मागे काहीतरी तळल्याचा आवाज, आणि मधूनमधून सावंत, “अरे, ते नको सांगू, अडकशील!” मी जुनी पंचांगं गोळा केली आणि दोन संध्याकाळी बसून पौर्णिमा-अमावास्यांच्या इंग्रजी तारखा काढल्या. पहिलं सोडून सगळी वर्षं सुटली. त्यांतल्या कुठल्याच वर्षी तो दीड महिन्याच्या वर इथे राहिला नव्हता.

अडलं ते पहिल्याच वर्षी, तो गेला त्या साली. कॅसेटमध्ये तो म्हणत होता, “पैल्यांदा गेलो तो दसऱ्याच्या आदी दोन रोज.”

“खोटा बोलतो,” हिराबाई म्हणाल्या. “दसरा करून गेला. मना सोना देऊन गेला. मना पक्का आठवते.”

त्या साली दसरा लवकर होता, सप्टेंबरच्या अगदी शेवटाला. मी बोटांवर मोजलं. दसऱ्याआधी दोन दिवस गेला असेल तर इथे एकशे ऐंशी दिवस, म्हणजे परदेशवासी. दसरा करून गेला असेल तर एकशे ब्याऐंशीच्या पुढे, म्हणजे त्या वर्षापुरता रहिवासी, आणि मग मस्कतच्या पगारावरही इथे कर, त्यावर इतक्या वर्षांचं व्याज, वर दंडाची टांगती तलवार.

इथे माझं चुकलं. मी विचार केला, बाईमाणसाला सणवार पक्के आठवतात. पुरावा यायची वाट न बघता मी हिराबाईंच्या शब्दावर हिशेब मांडला आणि आकडा त्यांना बोलून दाखवला. त्या रात्रभर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. त्या माझ्याकडून सरळ बूथवर गेल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला, वकिलातीतून सुखरूप सुटल्यावर धीर येऊन दामोदरने लग्नाला यायचं तिकीट काढलं होतं, ते त्याने परत केलं. रंजना, मुलगी, स्वतः माझ्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आळीपाळीने बघत राहिली आणि निघून गेली. मला आजही ती उभी दिसते. हिशेबात चूक झाली की खोडून दुरुस्त करता येते, पण बोललेला आकडा खोडता येत नाही.

मी घाईघाईने निरोप पाठवला, “काहीही करून कंपनीकडून पासपोर्टची झेरॉक्स मिळवा, आणि गेलात त्या दिवसाचं जे आठवेल ते सगळं सांगा.” पंधरा दिवसांनी दोन कॅसेट आल्या. एकीवर ‘हिरी’ आणि दुसरीवर ‘जाधवबाई’ अशा चिठ्ठ्या. हिराबाई माझ्यासमोरच होत्या. शेजारच्या खुर्चीवर पेन्शनचा रिटर्न भरायला आलेले एक निवृत्त मास्तर बसले होते. मी माझ्या नावाची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली.

“हिरे,” आवाज आला, “झोपलीस का? तुज्या हातची सुक्या जवल्याची चटनी सपनात येते. चटनीच्या मागना तूपन येतेस...”

चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या. हिराबाई विजेचा धक्का बसल्यासारख्या उठल्या आणि टेपरेकॉर्डरवर झेपावल्या. घाईत बंदच्या ऐवजी दुसरंच बटण दाबलं गेलं, टेप चिवचिव करत पुढे पळाली आणि पुन्हा बोलायला लागली, आता जास्त मोठ्याने. “...आनी तू बाईंना सांगतेस दसरा करून गेलो? हिरे, इसरलीस? मी म्हटला दसऱ्याला मी नसनार, म्हून गावच्या झाडाची आपट्याची पाना आदीच तोडून आनली, आनी इमानतळावर सगल्यांसमोर तुला आगाऊ सोना दिला. तू रडत व्हतीस. म्हटलीस, दसऱ्याच्या आदी कोन सोना देतो का, येड्या...”

मी हात पुढे करून टेप बंद केली. हिराबाई पदरात तोंड घालून बसल्या होत्या. मग पदरातूनच आवाज आला, “हाव. आगाऊ दिलता. मीच इसरले.”

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “बंद का केलीत? माहिती महत्त्वाची दिसत होती.”

माझ्या धंद्यात आगाऊ कर असतो, तो कुणीच खुशीने भरत नाही. आगाऊ सोनं देणारा माणूस मात्र मी पहिल्यांदा ऐकला. पुढल्या आठवड्यात फॅक्सवर पासपोर्टची काळीकुट्ट प्रत आली, तिच्यात शिक्का दिसेना. त्यानंतर टपालाने स्वच्छ झेरॉक्स आली. शिक्का दसऱ्याच्या दोन दिवस आधीचा. कंपनीने पासपोर्ट पहिल्याच मागणीला दिला होता म्हणे. सुट्टीवर जाण्याशिवाय कधी कुणी मागितलाच नव्हता.

मग सुनावणी. आयकर अधिकारी नागपूरकडचे, दमलेले आणि सज्जन. टेबलावर फायलींचे एवढे ढीग की ते बोलताना एका बाजूला वाकायचे. त्यांनी हिराबाईंना विचारलं, “तुमच्या मिस्टरांनी सहा वर्षं रिटर्न का नाही केला?”

“तोच तर भांडान हाय साहेब,” हिराबाई म्हणाल्या. “रिटर्न तिकीट काडलाता त्यानं. भिऊन क्यान्सल केला.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी घाईने कागद पुढे केले. पहिल्या काही वर्षांत उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतच होतं, पुढच्या वर्षांवर थोडा कर, त्यातला काही गोदामाच्या कंपनीने आधीच कापलेला, उरलेल्यावर व्याज. दिवसांचा तक्ता, शिक्क्यांच्या प्रती. साहेबांनी तक्ता दोनदा तपासला. पहिल्या वर्षाशी त्यांचं पेन थांबलं.

“दोनच दिवसांनी वाचले की.”

“कॅसेट लावू का साहेब?” हिराबाईंनी पिशवीत हात घातला. “त्याच्यात समदा हाय.” मग एकदम आठवून हात बाहेर काढला. “नको, राव्हद्या.”

साहेबांनी कर आणि व्याजाचं चलन भरायला सांगितलं. दंडाबद्दल ते म्हणाले, माणूस अडाणीपणाने चुकला आहे, लबाडीने नाही, हे दिसतंय. मी उठणार तेवढ्यात हिराबाईंनी टेबलावर दोन्ही हात ठेवले.

“साहेब, लगनाला तो आला तर तुमी त्याला पकडनार का? खरा सांगा.”

साहेब फायलींमागून नीट पुढे वाकले. “बाई, मी कुणाला पाठवू पकडायला? मला शिपाई दोन. एक दोन महिने रजेवर आहे, आणि दुसऱ्याला चहा आणायला पाठवला तो अजून आलेला नाही.”

त्या दिवशी हिराबाई बूथमध्ये जे ओरडल्या ते अख्ख्या सेक्टरने ऐकलं. “अरे, ये तू! त्यांच्याकडं पकडायला शिपाईच नाय! एक सुट्टीवर हाय, एक चहा आनायला गेलाय!”

मी कायदा समजावला होता, वकिलातीचा शिक्का मिळाला होता, चलन भरलं होतं. त्याला पटलं ते हे. त्याने पुन्हा तिकीट काढलं.

लग्नाच्या चार दिवस आधी तो उतरला. घंटा वाजली नाही. शिक्का मारणाऱ्याने त्याच्याकडे वर बघितलंसुद्धा नाही, याचं त्याला थोडं वाईट वाटलं, असं नंतर त्यानेच सांगितलं. रंजना विमानतळावर गेली होती. तीन वर्षांत ती इतकी उंच झाली होती की त्याने आधी तिच्या मागे उभ्या असलेल्या हिराबाईंना हाक मारली आणि विचारलं, “पोरगी कुठंय?”

मांडवात मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. रुंद खांद्यांचा, काळाभोर, पांढऱ्या मिशांचा माणूस. माझ्या पाया पडायला वाकला, मी मागे सरकले. पण आता तो कायद्याचा एवढा भक्त झाला होता की त्याने लाउडस्पीकरवरून जाहीर करवलं, “आहेर देनाऱ्यांनी आपला पूर्ण नाव आनी पत्ता लिहून द्यावा. सरकारी काम हाय.” एका टेबलावर त्याचा मेहुणा वही घेऊन बसलेला. अर्ध्या वऱ्हाडाने पाकिटं परत खिशात घातली. नवरदेवाचे काका माझ्याकडे येऊन विचारू लागले, “ताई, स्टीलचा डबा दिला तर चालेल ना?” मी दामोदरला बाजूला घेऊन वही बंद करायला लावली, तेव्हा कुठे पंगत बसली.

जेवताना त्याने विचारलं, “बाई, समदा मिळून भरला किती?”

मी सांगितलं. तीन वर्षं त्याने जी तिकिटं काढली नाहीत, त्यांच्या किमतीपेक्षा ती रक्कम कमी होती. ताटातली जिलेबी उचलून त्याने रंजनाच्या ताटात नेऊन ठेवली.

परत जायच्या आदल्या दिवशी तो ऑफिसात आला. पापलेटांची पिशवी दाराबाहेर ठेवली, फी टेबलावर. मग खुर्चीवर जरा रेंगाळला.

“बाई, समजा मी आनखी र्‍हायलो इथं, तर सरकार काय म्हनंल?”

“काही म्हणणार नाही,” मी सांगितलं. “अजून साडेचार महिने राहिलात तरी सरकारची हरकत नाही. तुमच्या मस्कतच्या पगारावर एक पैसा कर लागणार नाही.”

“साडेचार महिने?” त्याने बोटं मोजली. “मालक पंचेचाळीस दिवसांवर एक दिवस देत नाय.” आणि उठता उठता, दाराशी थांबून, अगदी मनापासून म्हणाला, “म्हन्जे दोघांत सरकारच बरा.”

तीस वर्षं मी आयकराचं काम केलं. खात्याला बरं म्हणणारा माणूस मला हा एकच भेटला, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने गेला.